कानाचे इंग्रजी

पेढीवरचे इंग्रजी बहुधा डोळ्यांचे असते. इन्व्हॉइस, लेटर ऑफ क्रेडिट, करारातील अटी तेथे बिनचूक वाचल्या जातात. मात्र परदेशातून फोन आला की तोच अनुभवी व्यापारी तो मुलाच्या हाती देतो. अडचण शब्दांची नसून ध्वनींची आहे. 'कम्फर्टेबल' हा शब्द बोलताना 'कम्फ्टबल' एवढाच उरतो. अमेरिकन माणसाचे 'थर्टी' कानावर 'थर्डी' असे येते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतील गल्लत तर थेट मालाच्या संख्येत उतरते. पंधराच्या जागी पन्नास पेट्या! आणि संकोचापोटी 'येस' तर म्हणून झालेले असते.

मोबाइलमधील मजकूर वाचून दाखवणारी सोय येथे कामास येते. पूर्वी वाचलेलेच एखादे पत्र तिच्याकडे सोपवावे, कागद न पाहता ऐकावे, कानी पडलेले दर व आकडे टिपावेत आणि मग मूळ पत्राशी ताळा करावा. रोजमेळ जुळवणाऱ्यांना ही रीत नवी नाही. वेग हवा तितका कमी करता येतो, ब्रिटिश वा अमेरिकन आवाज निवडता येतो, आणि दहाव्यांदा ऐकवतानाही यंत्र त्रासत नाही. साठीनंतर शिकू पाहणाऱ्यास या शेवटच्या गुणाचे मोल विशेष. (श्रावक शब्दाचा अर्थच मुळी ऐकणारा!)

यंत्र बोलते मात्र फारच स्वच्छ. माणसे शब्द गिळतात, मध्येच हसतात, वाक्य अर्धे सोडतात. म्हणून वेग हळूहळू वाढवीत न्यावा आणि महिन्याभराने एखादा फोन स्वतःच घ्यावा; संख्या तेवढी 'वन-फाइव्ह' अशी सुटी वदवून घ्यावी.