घारापुरीची एक फेरी

आमच्या शाळेतील मुलांस यंत्र म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्यांचे बालपण चालले आहे, त्यांस पाळी, भोंगा, सुटे भाग, ओव्हरटाइम हे शब्द बाराखडीच्या आधी येतात. परंतु पाण्याचा विषय निघाला की वर्ग गप्प बसतो. पवना आणि इंद्रायणी या दोन नद्या आमच्या दाराशी वाहतात खऱ्या. तथापि त्यांचा सांप्रतचा रंग पाहून कोणास त्यांत उतरावेसे वाटू नये, आणि ज्यांस वाटते त्यांच्याविषयी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचावयास मिळते ते सुखाचे नसते. समुद्र तर दूरच राहिला. एकदा भूगोलाच्या तासास आम्ही विचारले, "बेट म्हणजे काय?" व्याख्या सर्वांस मुखोद्गत होती. "बेटावर पाऊल ठेवलेल्यांनी हात वर करावेत," असे म्हणताच साठांपैकी तीन हात वर झाले. त्याच वर्गात आमचे चिरंजीवही बसतात. त्यांचा हात बाकावरच होता, आणि त्यांची दृष्टी आमच्यावर रोखलेली होती.

या चिरंजीवांस त्या सुमारास एक वेड लागले होते. कॅरिबियन समुद्रातील बेटाबेटांतून हिंडणाऱ्या अजस्र प्रवासी जहाजांची चलच्चित्रे मोबाइलवर पाहणे, हा त्यांचा जेवणानंतरचा नित्यक्रम झाला होता. त्यांच्याकडून आम्हांसही पुष्कळ ज्ञान प्राप्त झाले. ग्रँड केमन नामक बेटाच्या जॉर्ज टाउन बंदरात मोठ्या जहाजांस लागण्याजोगा धक्का नाही. म्हणून जहाज दूर नांगर टाकून उभे राहते, आणि सहकुटुंब आलेले उतारू छोट्या नावांत बसून बेटावर जातात, दिवसभर वाळूत खेळतात व तिन्हीसांजेच्या आत परततात. "आपण असे कधी जाणार?" हा प्रश्न आम्हांस आठवड्यातून दोनदा ऐकावा लागे. शिक्षकाच्या मिळकतीत कॅरिबियन बसत नाही, हे गणित त्यांस सोडवून दाखविणे कठीण नव्हते; पण ते सोडवून दाखविण्यात पित्यास आनंद कसला?

शेवटी सन २०२५ च्या जानेवारीत आम्ही घारापुरीचा बेत जाहीर केला. जहाज नाही तर लाँच, आणि ग्रँड केमन नाही तर रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे एक बेट! परंतु बेत जाहीर होताच घरात जी शांतता पसरली, तिचे कारण वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. जेमतेम महिन्यापूर्वी, १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी, गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट, इंजिनाची चाचणी चालू असता ताबा सुटून, येऊन आदळली होती. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. उभय बोटींवरील मिळून १५ जणांचे प्राण गेले. आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "याच महिन्यात जायला हवे का?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, इतक्यात कोपऱ्यात तांदूळ निवडीत बसलेली आमची आई म्हणाली, "जायचं असेल तर मी पण येते."

आमच्या आईचे वय त्या वेळी ८२ होते, आणि तिचा जन्म समुद्रकाठचा असूनही गेल्या ७७ वर्षांत ती एकदाही बोटीत बसली नव्हती. तिचे माहेर रेवसच्या बाजूचे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट भर पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यांत आईचे वडील होते. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नसल्यामुळे मुंबई बंदरास कित्येक तास काही कळले नाही. पोहून वाचलेल्यांनी बातमी आणली, आणि रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत घालून काढता आली तितकी माणसे काढली. नेमके किती लोक बुडाले याविषयी आजही एकवाक्यता नाही. वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळे आकडे सापडतात. आमचे आजोबा त्या बोटीत होते याला पुरावा म्हणजे, त्यांस धक्क्यावरून चढताना पाहिलेला व स्वतः जागा न मिळाल्यामुळे मागे राहिलेला एक गावकरी. तो आला नसता तर ते मुंबईस नोकरीवर आहेत अशाच समजुतीत घरची माणसे आणखी आठ दिवस राहिली असती. पाच वर्षांच्या मुलीस यातील किती कळले असेल? पण पुढे जन्मभर, एसटीची गाडी असो की उपासनामंदिरातील बाक असो, बसल्याबरोबर माणसे मोजण्याची तिची खोड आम्ही पाहत आलो आहोत. लहानपणी आम्हांस त्याचे हसू येई.

ती का निघाली, हे आम्ही विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

पहाटे चिंचवड स्टेशनावर सिंहगड एक्स्प्रेस पकडून आम्ही पाचजण मुंबईस उतरलो व दहाच्या सुमारास गेट वेपाशी पोहोचलो. तिकिटे काढून धक्क्याच्या पायऱ्यांशी आलो तो प्रत्येकाच्या हाती नारिंगी रंगाचे एकेक लाइफ जॅकेट देण्यात आले. डिसेंबरातील अपघातानंतर ते अंगात घालणे सक्तीचे झाले होते. उतारूंपैकी काही तरुणांनी ते मांडीवर घेऊन उशीसारखे वापरले. काहींनी त्यात छायाचित्रे काढून घेतली. आमच्या कन्येस, ती दुसरीत असल्यामुळे, ते गुडघ्यापर्यंत आले. आईने तिचे बंद दोनदा आवळले, मग आपले बांधले, आणि तांडेलाकडे पाहून विचारले, "किती माणसं घेतलीस रे बाबा?"

"परवाना आहे तेवढीच, आजी," तांडेल म्हणाला.

"आकडा सांग."

त्याने आकडा सांगितला. आईने मान हलविली, आणि मग ओठ न हलविता ती मोजू लागली. लाँच दोन मजली. वर बसण्यास दहा रुपये वेगळे. चिरंजीव धावत वर गेले होते. थोड्या वेळाने ते खाली आले तेव्हा आजीने त्यांस विचारले, "वर किती?" ते पुन्हा वर गेले व मोजून आले. आकडा तांडेलाच्या आकड्याहून चारांनी कमी भरला, तेव्हा कोठे आई पाठ टेकून बसली.

लाँच सुटली. धूसर-हिरवे पाणी, मागे लहान होत जाणारी गेट वेची कमान, डावीकडे नौदलाच्या करड्या युद्धनौका, आणि डोक्यावर थंडीच्या दिवसांपुरते आलेले पांढरे पक्षी. उतारूंनी फेकलेले कुरकुरे ते अधांतरी झेलीत होते. पक्ष्यांच्या प्रकृतीस ते मानवते की नाही याची चौकशी कोणी करीत नव्हते. दूर उत्तरेस २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू, तर पूर्वेस न्हावा-शेवा बंदरातील उंच याऱ्या दिसत होत्या. कारखान्यात काम करणाऱ्या पित्यांच्या मुलांस सांगण्याजोगी एक गोष्ट येथे आहे. चाकणास २००९ मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातील मोटारी याच मुंबई बंदरातून जहाजांवर चढून मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. "म्हणजे आपल्याकडच्या गाड्या कॅरिबियनच्या शेजारी जाऊन आल्या, आणि मी नाही," असा निष्कर्ष चिरंजीवांनी तत्काळ काढला.

त्यांचे समाधान करण्यासाठी आम्ही त्यांस एक जुनीच बातमी सांगितली. २०२१ पासून मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे उतारू नेणारे 'एम्प्रेस' नावाचे जहाज १९९० मध्ये फ्रान्सात बांधले गेले, आणि आपल्याकडे येण्यापूर्वीच्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे त्याने कॅरिबियन समुद्रातच काढली. म्हणजे कॅरिबियन आपल्या घरी येऊन गेले म्हणावयाचे! चिरंजीवांनी विचारले, त्या जहाजावरही अशी जॅकेटे देतात काय? देतात, आणि देऊन थांबत नाहीत. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाले, त्यानंतर १९१४ मध्ये लंडनला राष्ट्रांनी एकत्र बसून समुद्रावरील सुरक्षेचा पहिला करार केला. पुढे २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आपटून ३२ जण दगावले, त्या वेळी त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंस सुटकेचा सराव मिळालाच नव्हता. तेव्हापासून असा नियम झाला, की जहाज निघण्यापूर्वी, नाही तर निघताक्षणीच, प्रत्येक नव्या उतारूने नेमलेल्या जागी हजर व्हावे. तेथे हजेरी घेतली जाते. आई ऐकत होती. "हजेरी," एवढा एकच शब्द ती पुन्हा उच्चारून दक्षिणेकडे, जिकडे रेवस असावे तिकडे, पाहत राहिली. आम्ही बोलणे थांबविले.

तासाभराने बेट आले. कडेची जमीन चिखलाची व पाणी उथळ, म्हणून धक्का बराच लांब आहे. त्यावरून लहान मुलांच्या खेळण्यासारखी एक आगगाडी धावते. पायथ्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. डोलीवाल्यांनी आईस घेरले. "मी काय नवरी आहे मिरवायला?" असे म्हणून तिने त्यांस वाटेस लावले, आणि पायथ्याशी काकड्या व बोरे विकणाऱ्या एका बाईजवळ बसकण मारली.

लेण्यांचे वर्णन मोठमोठ्या पंडितांनी केलेले आहे, त्यात आम्ही काय भर घालणार? सुमारे १८ फूट उंचीची ती त्रिमुख महेशमूर्ती अंधाराला डोळे सरावत जातात तशी हळूहळू प्रकट होते. आमची कन्या, जी घरी क्षणभर स्वस्थ नसते, ती तेथे दोन मिनिटे निश्चल उभी होती. १९८७ पासून हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास 'एलिफंटा' म्हटले, तो हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये त्यास उचलून विलायतेस पाठविण्याची खटपट झाली, यारी मोडून त्याचे तुकडे झाले, आणि ते सांधून आता तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. माकडांनी आमच्या चपात्यांपैकी दोन नेल्या. येथवर लेणी पुरे.

खाली आलो तो आईची व बोरेवालीची गट्टी जमलेली. बेटावर राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर अशी तीन गावे. २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत रात्री काही तास चालणाऱ्या जनित्रावर त्यांचे दिवे लागत. मग समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर तार टाकून वीज आणली. ही माहिती आम्हांस वाचून होती; आईस ती बाईकडून मिळाली होती, आणि जोडीला जे मिळाले ते आम्ही कोठे वाचले नव्हते. बाई म्हणाली होती, "तुमची सहल असते, आजी. आमचा दवाखाना, बाजार, सगळं त्याच पाण्यावरून. अपघात झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पण आम्ही बसलोच ना बोटीत?"

परतताना धक्क्यावर ही गर्दी. लाँच लागताच लोटालोट सुरू झाली. आई, आमच्या मंडळी व कन्या आत पोहोचल्या. चिरंजीव व आम्ही पायरीवर पाऊल ठेवणार तोच खलाशाने दोर आडवा धरला. "भरली." आम्ही सांगितले की आमची म्हातारी आई आत आहे. आमच्या मागील एका गृहस्थांनी, दोन माणसांनी काय बोट बुडते, असा सवाल केला आणि त्यास बऱ्याच जणांनी दुजोरा दिला. हे लिहीत असता आम्हांस आठवते, की त्याच वर्षी १५ जून रोजी आमच्याच बाजूस, तळेगावजवळ कुंडमळ्याच्या इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चारजण मेले. त्या पुलाच्या तोंडाशी दोर धरून उभा असलेला असा कोणी खलाशी नव्हता.

हा खलाशी विशीतला होता. शिव्या खात तो उभा राहिला. दोर त्याने सोडला नाही. आतून आईचा आवाज आला, "त्याला बोलू नका. तुम्ही दोघं मागून या." लाँच सुटली. नारिंगी जॅकेटातील ती लहानशी आकृती पाठ न फिरविता धक्क्याकडे पाहत बसलेली आम्हांस बराच वेळ दिसत होती. तिची नजर आमच्यावर होती की मधल्या वाढत्या पाण्यावर, हे इतक्या दुरून सांगता येईना. चिरंजीवांनी आमचा हात धरला. बाहेरच्या जगात ते असे करीत नाहीत.

पुढची लाँच अर्ध्या तासाने मिळाली. गेट वेस उतरलो तो आई पायऱ्यांच्या वर, ऊन पाठीवर घेऊन, मंडळींच्या शेजारी उभी. कन्येच्या हाती शेंगदाण्याची पुडी. आई काही बोलण्यापूर्वीच चिरंजीव ओरडले, "आजी, दोन्ही मजले मोजले! सत्तर. आकड्यापेक्षा चौदा कमी."

"तांडेलाला विचारलंस?"

"आधी विचारलं, मग मोजलं."

आईने पुडीतील मूठभर शेंगदाणे त्यांच्या ओंजळीत ओतले. साडेपाच वाजत आले होते आणि सिंहगड पावणेसहाच्या पुढे फार वेळ थांबणार नव्हती. म्हणून आम्ही टॅक्सी केली. चौघांची परवानगी असलेल्या त्या टॅक्सीत पाचजण बसण्यास आईने साफ नकार दिला, तेव्हा दोन कराव्या लागल्या.