दंडावरचे वण

माझ्या डाव्या दंडावर देवी काढल्याचे दोन वण आहेत. टोचल्यावर फोड आला, पिकला, खपली धरली आणि ती पडल्यावर हे उरलं, असं आई सांगायची. झोपेत मी खाजवू नये म्हणून ती माझा हात धरून बसे. आजीच्या तोंडावरचे वण वेगळे होते. तिला देवी आल्या होत्या. ती वाचली, त्याच साथीत तिचा धाकटा भाऊ गेला. त्याचं नाव निघालं की म्हातारपणीही तिचा हात थांबायचा.

हिंदुस्थानात देवीची पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत टोचली गेली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा ना शीतपेटी होती ना कुपी. एका मुलाच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, अशीच ती गावोगाव गेली. कुणाच्या तरी लेकराने हात पुढे केला, म्हणून पुढचं लेकरू वाचलं.

1975 साली देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. माझ्या लेकीला देवी काढाव्याच लागल्या नाहीत. तिच्या दंडावर आहे तो बीसीजीचा इवलासा वण. पोलिओ रविवारी डोस घेऊन करंगळीवरची शाई मिरवत ती घरी यायची. 2011 नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण आढळलेला नाही.

आता तिची मुलगी पाच महिन्यांची आहे. परवा लसीकरणाला तिला मी मांडीवर घेतलं. नर्सताईंनी कुपीवरचं चिन्ह दाखवलं : वर्तुळ आणि आत फिकट चौकोन. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला भिडला, की कुपी बाद. सुई टोचली, नात कळवळून रडली, पदर धरून गप्प झाली.

गोवराची लस मात्र तिला नऊ महिने पूर्ण झाल्यावरच मिळेल. गोवर इतका झपाट्याने पसरतो, की तो रोखायला शंभरातल्या पंचाण्णव जणांना तरी संरक्षण असावं लागतं. तोवर तिची राखण शेजारच्या, वाडीतल्या, बाजारात भेटणाऱ्या मुलांच्या हाती आहे. म्हणून कुणी ‘आमच्या मुलाचं आम्ही बघू’ म्हणालं, की मी थांबून बोलते. लस एकाच्या अंगात जाते, पण राखते साऱ्या गावाची लेकरं. वेळेवर टोचून घेणं हे आपलं एकमेकांना देणं आहे, आणि ते आपण फेडलंच पाहिजे.