खडकवासल्याचा उघडा काठ

पावसाळ्यात तो नसतोच. धरण भरतं, मुठा नदीत विसर्ग सुरू होतो, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते, तेव्हा हा तळाशी गाळ पांघरून पडलेला असतो. दिवाळीनंतर पाणी मागे सरू लागलं की गोऱ्हे, खानापूर, सांगरूण, कुडजे या गावांच्या अंगाने तो उघडा पडू लागतो. आधी दगडांची एक रांग, मग काळपट चिखल, मग भेगाळलेली सुकी माती. कुठे चार पावलांत संपतो, कुठे चालून चालून पाणी हाती लागत नाही. कागदोपत्री तो बुडीत क्षेत्र. पाटबंधारे खात्याच्या बोलीत अशा जमिनीला गाळपेर म्हणतात. सिंहगडाकडे निघालेल्यांना तो फक्त ‘पाण्याजवळ जायची जागा’ वाटतो. माझ्या लेखी तो या तलावाचा यजमान आहे. हिवाळ्यात येणारा पाहुणा, नेहमीचा असो की वाट चुकलेला, उतरतो याच्याच दारात.

वयाने तसा फार म्हातारा नाही. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा इथे धरण नव्हतं. मुठा, आंबी आणि मोसे सांगरूणपाशी एकत्र येऊन पुण्याकडे वाहत होत्या, आणि उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांची भिस्त नदीच्या पात्रावर आणि गावतळ्यांवर होती. फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात इथे दगडी भिंत घातली. तलावालाही लेक फाइफ हेच नाव पडलं. त्या भिंतीबरोबर काठाचाही जन्म झाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि पुण्यात हाहाकार उडाला. इकडे तलाव रिता होऊन तळच उघडा पडला. पुढे भिंत दुरुस्त झाली, पाणी पुन्हा चढलं आणि काठ आपल्या जागी आला.

त्याचा स्वभाव कळायला धरणांचं गणित कळावं लागतं. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यातलं खुद्द खडकवासल्याच्या वाट्याला येतं ते जेमतेम दोन टीएमसी. पाण्याची खरी कोठारं म्हणजे वरसगाव आणि पानशेत. खडकवासल्यात यायचं, इथून शहराला आणि मुठा उजव्या कालव्याला निघून जायचं, असा पाण्याचा रिवाज आहे. म्हणून हा काठ उजनी धरणाच्या काठासारखा शिस्तीत मोठा होत जात नाही. कालव्याला रब्बीचं आवर्तन सुटलं की पातळी उतरते आणि तो हातपाय पसरतो. वरच्या धरणांतून पाणी आलं की पुन्हा अंग चोरतो. सोमवारी जिथे चिखल होता, तिथे शनिवारी गुडघाभर पाणी. आपल्या अंगणाची लांबी-रुंदी यजमानाच्या हातात नाही, ती ठरते पुण्याच्या नळांवर आणि दौंड-इंदापूरच्या उसावर.

पक्ष्यांच्या दृष्टीने ही बाब साधी नाही. चिखलपक्ष्यांना हवा असतो तो ताजा, नुकता उघडा पडलेला, ओलसर पट्टा. त्यातच किड्यांच्या अळ्या, गांडुळं, गोगलगायी चोचीच्या टप्प्यात असतात. माती वाळली की खाणं खाली जातं. पाणी चार बोटं वाढलं की आखूड पायांच्या पक्ष्यांचं जेवण संपतं आणि शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांचं सुरू होतं. त्यामुळे ‘यंदा अमुक पक्षी आला नाही’ असं कुणी म्हणालं, की मला आधी पातळी विचारावीशी वाटते. पक्षी येऊनही गेला असेल. त्या आठवड्यात घर बंद होतं.

नेहमीच्या पाहुण्यांत मला सगळ्यांत प्रिय आहे टेमिंकचा टिलवा. चिमणीएवढा जीव, अंगावर राखाडी-मातकट रंग, त्यामुळे हलेपर्यंत ढेकळात ढेकूळ. पाय पिवळसर असतात आणि याच पायांवरून तो काळ्या पायांच्या छोट्या टिलव्यापासून ओळखता येतो. छोटा टिलवा लगबगीने धावत टिपतो. टेमिंकचा मात्र पाय दुमडून, जमिनीलगत वाकून, एकेक पाऊल टाकत चालतो. एका गुराच्या खुराच्या ठशात साठलेल्या पाण्याभोवती तो टिपत असलेला मी पाहिला आहे. तो ठसा ओलांडून पलीकडे जायची त्याला घाई नव्हती. पाणी हलेल तिथे चोच, पुन्हा वाकणं, पुन्हा चोच. उडाला तेव्हा शेपटीच्या कडेची पांढरी पिसं चमकली. हा पक्षी घरटं करतो युरोप-आशियाच्या पार उत्तरेला, ध्रुवप्रदेशाच्या उंबऱ्यावर. एवढ्या प्रवासानंतर त्याला लागतो तो खुराच्या ठशाएवढा चिखल.

आता दुर्मीळ पाहुण्यांविषयी. जगात मुबलक असलेला पक्षीही एखाद्या काठावर दुर्मीळ असू शकतो. भिगवण इथून रस्त्याने शंभरेक किलोमीटर. तिथे उजनीचं पाणी सपाट माळावर उथळ पसरलेलं, म्हणून पट्टकदंबांचे थवेच्या थवे हिवाळा काढतात. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून उंच उडाल्याची उपग्रहाच्या साहाय्याने नोंद झालेला हा हंस. वर वाकलेल्या चोचीचा उचाट्याही तिकडचाच. खडकवासला दोन डोंगररांगांच्या बेचक्यातला, बऱ्याच ठिकाणी काठापासूनच खोल होत जाणारा तलाव. थव्याला पुरेल असं उथळ पाणी इथे थोडं. म्हणून भिगवणला ज्याच्याकडे मान वळवून कुणी पाहणार नाही, असा एखादा पक्षी इथे एकटा उतरला की पक्षीनिरीक्षकांचे फोन वाजू लागतात. असे एकटे पक्षी पुष्कळदा त्याच वर्षी जन्मलेले, पहिलाच प्रवास करणारे असतात. वाट अजून अंगवळणी पडलेली नसते. नेमक्या त्या दिवशी काठ उघडा असला तर ते थांबतात, नसला तर आपल्याला पत्ता न लागता डोक्यावरून निघून जातात.

एकट्याने राहणाऱ्यांत इथला मानकरी कैकर. मासे खाणारा हा शिकारी पक्षी हिवाळ्यात मोठ्या पाण्यांवर येतो, आणि बहुधा एकटाच दिसतो. पाण्यात रोवलेला खुंट किंवा वाळलेलं झाड त्याला पुरतं. मी त्याला चिलापी उचलताना पाहिलं. उंचावर पंख फडफडवत एका जागी थांबला, खाली आला, पाय पुढे काढून आपटल्यासारखा पाण्यात शिरला आणि क्षणभर पंखांनिशी बुडाला. वर आला, अंग झाडून पाणी उडवलं, आणि उडता उडता मासा वळवून त्याचं डोकं पुढे केलं, वारा कमी लागावा म्हणून. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, तळव्याला काटेरी खरखर असते. बुळबुळीत मासा सुटत नाही तो यामुळे. मासा घेऊन तो गेला पलीकडच्या काठाला.

तो पलीकडचा काठ म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. तिकडे बाहेरच्यांना मज्जाव, त्यामुळे झाडी टिकली आणि शांतता टिकली. अलीकडच्या काठावर मात्र रविवारी लोक चौपाटीवर कणसं-भजी खाऊन गाड्या थेट पाण्यात घालतात. चाकं धुतात, गाणी लावतात, मुलं दगड भिरकावतात, उरलेल्या भज्यांवर पोसलेली कुत्री टिलव्यांमागे धावतात. काही ठिकाणी राडारोडा टाकून काठच बुजवलेला दिसतो. दुर्मीळ पक्ष्याची खबर लागल्यावर कॅमेरे घेऊन त्याच्या मागे मागे सरकणारे आपण पक्षीमित्रही यात आलो. दमून उतरलेल्या पाखराला पुन्हा पुन्हा उडवणं हा अन्यायच आहे, मग हेतू कितीही चांगला असो. पक्षी इकडून उठतात आणि पाणी ओलांडून प्रबोधिनीच्या बाजूला जातात. तिकडे जागा आहे म्हणून निभतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून सुरू आहे. इथे मोजायला जाणाऱ्यांनी पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची धरणाची पातळीही लिहावी, असं मला मनापासून वाटतं. ती रोज जाहीर होते. वीस वर्षांनी कुणी वही उघडली तर त्याला कळायला हवं, की पक्षी कमी झाले होते की चिखल.

मार्चमध्ये पिवळे धोबी पिवळेधमक होतात, काहींची डोकी काळी पडतात आणि ते उत्तरेकडे निघतात. पाहुणे गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये, काठ बहुधा सर्वांत रुंद असतो. तेव्हा त्याच्याकडे घरचं कार्य असतं. टिटवी उघड्या खड्यांमध्येच अंडी घालते, काडीचंही घरटं न बांधता. अंडी खड्यांच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. चार हातांवरून माणसाला दिसत नाहीत, तर चालत्या गाडीतून काय दिसणार! आणि शाळांना सुट्टी लागल्यावर, नेमक्या त्याच आठवड्यांत, काठावर सगळ्यात जास्त गाड्या उतरतात.