एका पावसाळ्याची शिल्लक

मुंबई महानगरपालिकेच्या जल अभियंता खात्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्यांचे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि सरकारी शिरस्त्याप्रमाणे १ एप्रिललाही होत नाही. ते सुरू होते १ ऑक्टोबरला. त्या दिवशी अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांच्या पातळ्या दप्तरी दाखल होतात आणि त्यांच्या बेरजेवरून, पुढचा पावसाळा स्थिरावेपर्यंत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, शहराला हात किती सैल सोडावयाचा याचा ताळेबंद मांडला जातो. सातही तलाव काठोकाठ भरले तर उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. रोजचा पुरवठा सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर धरला तर वर्षाचा खर्च चौदा लाखांवर जातो. एका पावसाळ्याची जमा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जेमतेम पुरते, मागे गंगाजळी म्हणून काही उरत नाही. आणि या खात्याने पर्यावरणाचा व बदलत्या हवामानाचा विचार कसा करावा, या प्रश्नाचे सारे मर्म माझ्या मते याच एका आकडेमोडीत आहे.

वर्षाकाठी पडणाऱ्या पावसाचे मान किती बदलले याची चर्चा विद्वान करोत; आम्हांस छळतात त्या तारखा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याऐवजी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात धरणक्षेत्रावर उतरला, तर वर्षअखेरची सरासरी बिघडत नाही, परंतु मधल्या महिन्यात शहराचा घसा कोरडा पडतो. २००९ साली पावसाने दगा दिला तेव्हाची पाणीकपात मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. अलीकडचे उदाहरण २०२४ चे: ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात लागू झाली, आणि जुलैच्या मुसळधार वृष्टीने तलाव असे भरभरून चढले, की त्याच महिन्याच्या २९ तारखेपासून ती कपात संपूर्ण मागे घेण्यात आली. दोन महिन्यांच्या आत दुर्भिक्ष आणि विपुलता यांची अशी गाठ पडते, तेव्हा तलावाचे आकारमान एवढाच आधार पुरत नाही.

आमच्या पूर्वसूरींना हवामानबदलाची वार्ता नव्हती, तथापि टंचाईची होती. १८५४ च्या दुष्काळात मुंबईत नावांतून आणि आगगाडीतून पाणी आणावे लागले आणि गुरेढोरे माहीमकडे हलविण्यात आली. त्या धास्तीतून मिठी नदीच्या उगमाशी विहार तलावाची उभारणी होऊन १८६० साली तो सिद्ध झाला. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. या तलावांच्या निर्मात्यांनी केलेली एक गोष्ट मला त्यांच्या दगडी बांधकामाहूनही थोर वाटते: पाण्याच्या सभोवारचे रान त्यांनी राखून ठेवले. आज विहार व तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, तानसाभोवती अभयारण्य आहे, आणि तेथील झाडोरा गाळ अडवितो, सांडपाणी दूर ठेवितो आणि पावसाचा वेग मोडतो. याची उलट साक्ष हवी असेल त्याने पवईच्या काठावर जाऊन उभे राहावे. १८९१ साली तातडीची तजवीज म्हणून बांधलेल्या त्या तलावाच्या चहू अंगांनी वस्ती दाटली, सांडपाणी मिसळले, जलपर्णी पसरली, आणि आज ते पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. धरण तेच, पाऊस तोच. फरक काय तो रानाचा.

दुसरा वारसा गुरुत्वाकर्षणाचा. तानसा आणि वैतरणा खोऱ्यांतून शंभर किलोमीटरच्या आसपासची वाट चालून येणारे पाणी भांडुपपर्यंत बहुतांशी आपल्याच उताराने येते, विजेचा पंप त्यासाठी लागत नाही. भातशाचे तसे नाही. धरणातून नदीत सोडलेले पाणी पिसे येथील बंधाऱ्यावर उपसून पांजरापूरला शुद्ध करावे लागते, आणि शहराच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा या एकाच धरणाचा असल्यामुळे त्याचे वीजबिलही तसेच भारदस्त असते. मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगती सौरवीज मिळविण्याची योजना महापालिकेने आखली ती याच हिशेबाने.

तारखांइतकाच पावसाचा जोरही आता विचारात घ्यावा लागतो. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरले, उपसा व गाळणीची विद्युत् यंत्रणा बंद ठेवावी लागली, आणि रस्त्यांवर गुडघाभर पाणी असताना मुंबईच्या मोठ्या भागातील नळ कोरडे राहिले. पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली ती निराळीच. यंत्रसामग्री पूररेषेच्या वर चढविणे, वीजपुरवठ्याला दुसरी वाट ठेवणे, एका केंद्रावर भिस्त न ठेवणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक आणि उद्घाटनास निरुपयोगी असली तरी त्यांचे मोल नव्या धरणाहून कमी नाही.

आता गळतीविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. शहरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाण्याचा हिशेब लागत नाही. हे सगळेच पाणी जमिनीत मुरते असे समजू नये. काही चोरीस जाते, काही नादुरुस्त मापकांतून निसटते, काही बेकायदा जोडण्यांतून अशा वस्त्यांत पोहोचते जेथे माणसांना पाणी हवेच असते आणि जेथे अधिकृत नळ देण्याची तरतूद आमच्याच नियमांनी वर्षानुवर्षे लांबविलेली असते. परंतु मोठा भाग निव्वळ गळतो. जुन्या बिडाच्या नळांचे सांधे सैल झालेले, वरून वाहनांचा भार, शेजारी दहा खात्यांची खोदकामे, आणि शिवाय आपली ठराविक तासांची पुरवठ्याची पद्धत, जिच्यापायी नळ दिवसातून भरतो आणि रिता होतो. रित्या नळात दाब उरत नाही, तेव्हा ज्या भेगेतून पाणी बाहेर जात होते तिच्यातूनच गटाराचे पाणी आत येते. म्हणून गळती ही पाण्याची नासाडी आहे तशीच ती आरोग्याची बाब आहे. ती शोधण्याचे काम रात्री चालते. शहर निजल्यावर कर्मचारी लोखंडी सळई रस्त्यावर टेकवितात आणि तिच्या टोकाला कान लावून जमिनीखालची सळसळ ऐकतात. यंत्रे आता पुष्कळ आली आहेत, तरी कोणती झडप किती फेरे फिरविली म्हणजे कोणत्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चढते याचे ज्ञान जुन्या चावीवाल्याजवळच असते, आणि तो निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर जाते. मुख्य वाहिन्यांच्या जागी खोल खडकातून जलबोगदे काढण्याचे धोरण मात्र स्वागतार्ह होय. बोगद्याला गंज चढत नाही, आणि त्याला भोक पाडणेही सहजासहजी जमत नाही. तलाव ओसंडला की महापौरांनी श्रीफळ अर्पण करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गळती बुजली म्हणून कोणी नारळ वाढविल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या एक तृतीयांशाचे आकड्यांत रूपांतर केले तर ते दिवसाला तेराशे दशलक्ष लिटरच्या जवळ जाते. आता नियोजित धरणांकडे पाहा: गारगाईतून ४४० आणि पिंजाळमधून ८६५ दशलक्ष लिटर, बेरीज १,३०५. म्हणजे ज्या दोन धरणांसाठी पालघर जिल्ह्यातील पाडे उठवावे लागतील आणि ज्यांपैकी गारगाईसाठी तानसा अभयारण्यातील लाखो झाडे तोडावी लागतील, त्यांचे पाणी आणि आमच्या वहीतले बेहिशेबी पाणी जवळपास एकच आहे. सगळी गळती थांबविणे जगात कोणास साधलेले नाही हे मी जाणतो. पण निम्मी थांबविली तरी गारगाई काही वर्षे निश्चिंतपणे वाहू देता येईल. मनोरीच्या निःक्षारीकरण प्रकल्पाचाही असाच विचार करावा. समुद्र आटत नाही, म्हणून अवर्षणात तो भरवशाचा सोबती आहे हे मान्य. परंतु सागरजल गोड करण्यास हजार लिटरमागे तीन ते चार युनिट वीज लागते, म्हणजे रोजच्या २०० दशलक्ष लिटरसाठी सहा ते आठ लाख युनिट. २०२२ च्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ज्या महापालिकेने लिहून ठेवले, तिने हे यंत्र निकडीच्या काळासाठी ठेवावे, नित्याच्या तहानेसाठी नव्हे.

वापरलेल्या पाण्याकडे वळण्यास आपण फार उशीर केला. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथे उभी राहत असलेली मलजल प्रक्रिया केंद्रे एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची आहेत. त्यातले पुरेसे शुद्ध केलेले पाणी उद्याने, कारखाने, बांधकामे आणि शौचालये यांकडे वळविता आले तर तेवढेच वैतरणेचे पाणी पिण्यासाठी मोकळे होईल. त्यासाठी दुहेरी नळांची व्यवस्था लागेल आणि ती नव्या इमारतींत आत्ताच सक्तीने घालून घेतली पाहिजे, कारण भिंती उभ्या राहिल्यावर असे हुकूम कागदावरच राहतात.

आणि एक अप्रिय गोष्ट. तानसा, भातसा, वैतरणा यांची धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांच्या डोंगरांनी आमचे पाणी धरले त्यांची घागर रिकामी ठेवून केलेल्या कोणत्याही व्यवस्थेला शाश्वत म्हणण्याचे धाडस मला होत नाही. पुढल्या वेळी नव्या धरणाचा ठराव सभेपुढे येईल तेव्हा त्याला मागील पाच वर्षांच्या गळतीचा प्रभागवार हिशेब जोडला आहे काय, आणि त्यात धरणाखालच्या गावांच्या नळयोजनेची तरतूद आहे काय, एवढे दोन प्रश्न वाचकांनी आपापल्या नगरसेवकाला लेखी विचारावेत.