मधे वेळ किती?

युरोपला जायचं तर टूर कंपनीबरोबरच, हे आमच्याकडे गृहीत धरलेलं असतं. साताऱ्यातून आजवर ओळखीचे जे जे गेले ते तसेच गेले. पहाटे उठून बसमध्ये बसायचं, दुपारी कुठल्यातरी गावात पंजाबी जेवण, आणि परत आल्यावर फोटोतलं गाव नेमकं कुठलं यावर नवरा-बायकोचा वाद. दादाला हे मान्य नव्हतं. दादा एसटीत वाहतूक नियंत्रक होता. जन्म बस बघण्यात गेला, आता परदेशात जाऊनही बसमध्येच बसायचं असेल तर मी घरीच बरा, असं त्याने सांगून टाकलं. रेल्वेने जाऊ, आपलं आपण ठरवू. मी, माझी बायको, दादा आणि वहिनी. चौघांपैकी कुणीही देशाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

पहिल्या बैठकीत वहीत नावं भराभर उतरली : पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, लुझर्न, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. मोबाइलवर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. पॅरिसहून लुझर्नच्या वाटेवरचं झुरिक चार तासांच्या आसपास, व्हिएन्नाहून प्राग तेवढंच. साताऱ्याहून मुंबईला रेल्वेने याहून जास्त लागतात. मग काय, रोज एक शहर!

दादाने वही ओढून घेतली आणि रकाने आखले. हॉटेल सोडायची वेळ, स्टेशनावर पोचायची वेळ, गाडीचा वेळ, उतरल्यावर हॉटेल गाठायचा वेळ, खोली हातात मिळायची वेळ. चार तासांच्या गाडीपुढे बेरीज आली साडेआठ. "ड्रायव्हरचे स्टिअरिंगवरचे तास वेगळे आणि ड्यूटीचे तास वेगळे," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं स्टिअरिंग मोजताय." म्हणजे गाव बदललं की तो दिवस गेलाच. ब्रुसेल्स आणि अ‍ॅमस्टरडॅम निमूटपणे गेली, बुडापेस्टसाठी कुणी रडलं नाही. प्रागसाठी मात्र माझी बायको इरेला पेटली. तिचं म्हणणं, व्हेनिस सोडा, तिथे फार गर्दी असते. वहिनी व्हेनिस सोडायला तयार नव्हत्या. शेवटी प्राग गेलं, आणि ते गेल्याचं मला आजही अधूनमधून ऐकावं लागतं. उरलं ते असं : पॅरिस, लुझर्न, फ्लॉरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना.

विमानाचं त्यामुळे सोपं झालं. बुकिंगच्या पानावर जाण्या-येण्याच्या पर्यायाशेजारी ‘मल्टी-सिटी’ असतं, त्यात मुंबई ते पॅरिस आणि व्हिएन्ना ते मुंबई असं टाकता येतं. ओळखीच्या एजंटने पॅरिसला उतरून पॅरिसहूनच परत यायचा आग्रह धरला होता. तिकीट थोडं स्वस्त पडत होतं, पण व्हिएन्नाहून पॅरिसला उलटं यायचं म्हणजे आणखी एक अख्खा दिवस आणि चौघांचं रेल्वेभाडं. रेल्वेने फिरणाऱ्याने एका टोकाला उतरावं आणि दुसऱ्या टोकाहून उडावं, हे माझं आता ठाम मत आहे.

खरी गाठ पडली ती व्हिसाशी. शेंगेन व्हिसा एकच, पण मागायचा कुणाकडे? नियम असा की ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे. आमच्या रात्री सर्वांत जास्त इटलीत, म्हणून उतरणार फ्रान्समध्ये आणि अर्ज इटलीचा. मधे वहिनींच्या गुडघ्यांचा विचार करून लुझर्नची एक रात्र वाढवायची आणि व्हेनिसची कमी करायची असं निघालं, तर स्वित्झर्लंड आणि इटली बरोबरीत आले. रात्री समसमान झाल्या की जिथून आत शिरणार तो देश मोजतात. एक रात्र इकडची तिकडे केली की अर्जाची खिडकीच बदलते! ती रात्र होती तिथेच ठेवली.

पण त्याहून मोठी पंचाईत पुढे होती. अर्जाला दिवसवार कार्यक्रम लागतो, कुठल्या रात्री कुठे राहणार ते लागतं, एका गावाहून दुसऱ्या गावाला कसे जाणार तेही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. दुसरीकडे रेल्वेचं गणित असं की लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं आधी संपतात, आणि जी सर्वांत स्वस्त ती बहुधा रद्द करून पैसे परत न मिळणारी. म्हणजे व्हिसाच्या आधी तिकिटं काढावीत तर व्हिसा नाही मिळाला की पैसे पाण्यात, आणि व्हिसा आल्यावर काढावीत तर दुप्पट-तिप्पट दर. आपल्याकडे आरक्षण उघडतं प्रवासाच्या ६० दिवस आधी. २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत ते १२० दिवस होतं. तिकडे देशागणिक, गाडीगणिक मुदत वेगळी, काही गाड्यांची सहा-सहा महिने आधी सुटलेली. आम्ही सप्टेंबरात जाणार होतो आणि मे महिन्यात पॅरिस–झुरिकचा स्वस्त दर डोळ्यांसमोर रोज वर सरकत होता.

त्यावर तोडगा निघाला तो वेळापत्रक नीट वाचल्यावर. सगळ्या तिकिटांची घाई सारखी नसते. फ्रान्समधली वेगवान गाडी आणि इटलीतली वेगवान गाडी, दोन्हींत आसन राखून ठेवावंच लागतं आणि दर विमानासारखे चढतात. स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या तिकिटाचं मात्र तसं नाही. ते ठरलेल्या दराचं असतं, आदल्या दिवशी काढलं काय आणि स्टेशनावर काढलं काय, भाव तोच. आणि आसन राखायची गरजही नाही. ऑस्ट्रियाच्या गाडीत आसन ऐच्छिक, वर थोडे युरो दिले की मिळतं. तिकीट वेगळं आणि आसन वेगळं हे दादाच्या गळी उतरवायला मला एक संध्याकाळ लागली. ‘कन्फर्म’ शिक्क्याशिवाय त्याला तिकीट हे तिकीट वाटतच नव्हतं. तिकडे वेटिंग लिस्ट नसते हे ऐकून तर तो माझ्याकडे संशयानेच बघायला लागला.

म्हणून मग वहीत दोन याद्या झाल्या. हॉटेलं सगळी फुकट रद्द होणारी, आणि ती आधीच घ्यायची. विमानाचं तिकीट रद्द केल्यास थोडी रक्कम कापून परत देणारं. रेल्वेत फक्त पॅरिस–झुरिक आधी काढायचं, तेही बदलता येणाऱ्या दराने, थोडे जास्त पैसे देऊन. बाकी सगळं व्हिसाचा शिक्का पडल्यावर. अर्जाबरोबर उरलेल्या गाड्यांचं वेळापत्रक तारीखवार छापून जोडलं. दादाने ते टाइप केलं, आणि डेपोतल्या सवयीने प्रत्येक ओळीपुढे ‘शेरा’ असा रिकामा रकाना ठेवला.

युरेल पासची भुरळ मधल्या काळात पडून गेली. युरोपबाहेरच्या लोकांसाठीचा हा पास ३३ देशांत चालतो, साठी उलटलेल्यांना सवलतही आहे. ठरावीक दिवस विकत घ्यायचे आणि त्या दिवशी हव्या तेवढ्या गाड्या. ऐकायला झकास. पण फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी आसनाचे पैसे वेगळे, आणि फ्रान्सच्या गाड्यांत पासवाल्यांसाठी जागाही मोजक्या. फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन-सव्वादोन तासांचं अंतर, त्यासाठी पासाचा एक दिवस खर्ची घालणं जिवावर येतं. सकाळी उठून मनाला येईल त्या गावाला जाणाऱ्या पोरांना तो पास शोभतो. हॉटेलं बांधून घेतलेल्या आमच्यासारख्या चौघांना त्याचा उपयोग नव्हता. नाद सोडला.

दादाचा जीव खरा रमला तो जोडगाड्यांत. लुझर्नहून फ्लॉरेन्सला जाताना मिलानला गाडी बदलायची. वेबसाइट सुचवत होती ती अगदी थोड्या मिनिटांची जोड. "मधे वेळ किती?" हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न. पहिली गाडी उशिरा आली आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी असली, तर पुढच्या गाडीची जबाबदारी आपली. इटलीतलं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, सुटली की गेलं. युरोपात गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे पंचवीस टक्के आणि दोन तास उशीर झाला तर पन्नास टक्के परत मागता येतात, हा नियम मी त्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. तो म्हणाला, "पैसे मागत बसायला चाललोय का आपण?" मिलानला दीड तास ठेवला. जेवण तिथेच.

त्याच टप्प्यावर दुसरा वाद झाला. मिलानकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या २०१६ साली सुरू झालेल्या गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून जातात. सत्तावन्न किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. मला त्यातून जायचं होतं. दादाने विचारलं, आत दिसतं काय? अंधार. वरून जुना घाट अजून चालू आहे. १८८२ साली उघडलेला, गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते आणि वासेन नावाच्या खेड्यातलं पांढरं चर्च खिडकीतून तीनदा दिसतं : आधी वर, मग समोर, मग खाली. त्या गाडीला तासभर जास्त लागतो, पुढे आणखी एकदा बदलावं लागतं. कात्रजचा आणि खंबाटकीचा घाट आयुष्यभर कागदावर मोजलेल्या माणसापुढे मी काय बोलणार? घाटच ठरला. लुझर्नमध्ये युंगफ्राऊचा महागडा बेत सोडून जवळचा रिगी डोंगर घेतला, तो मात्र एकमताने. बोटीने व्हिट्सनाऊला जायचं आणि तिथून दातेरी रुळांवरच्या गाडीने वर. ती रेल्वे १८७१ची, युरोपातली डोंगरावर चढणारी पहिली.

स्टेशनांची नावं वाचताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. पॅरिसला मोठी स्टेशनं सहा-सात, आणि झुरिकची गाडी सुटते ती गार द लिऑनहून. म्हणून हॉटेलही त्याच बाजूला पाहिलं. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेला हवं. व्हेनिसला मेस्त्रे येतं जमिनीवर आणि सांता लुचिया पाण्यापलीकडे. मेस्त्रेला हॉटेल स्वस्त म्हणून मी तेच धरून बसलो होतो. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, रोज व्हेनिस बघायला लोकलने जायचं? मग ठाण्याला राहून मुंबई बघितल्यासारखंच." सांता लुचियाजवळचं घेतलं. बुकिंगवाल्याला एकच प्रश्न विचारला : स्टेशनापासून तुमच्या दारापर्यंत पायऱ्यांचे पूल किती? उत्तर आलं, एकही नाही. तिथल्या तिथे पैसे भरले.

पैसे भरण्यावरून आठवलं. भारतातली कार्डं परदेशी व्यवहारासाठी मुळात बंदच असतात, २०२०पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे; अॅपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. ते केलं तरी एका रेल्वेच्या संकेतस्थळावर आमचं पहिलं कार्ड तीनतीनदा परत आलं, दुसऱ्या बँकेचं पटकन गेलं. कारण कुणी सांगितलं नाही. दोन वेगळ्या बँकांची कार्डं हाताशी असावीत, आणि ओटीपीसाठी इथलं सिम तिकडेही चालू राहावं, एवढं त्यातून कळलं. नावाचंही तसंच. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडून येतं. तिकिटावर तेच शब्दशः घातलं. वहिनींच्या नावातला दादा त्यामुळे युरोपभर त्यांच्याबरोबर छापून फिरणार होता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

पासपोर्ट ऑगस्टच्या सुरुवातीला परत आले. चारही जणांचे व्हिसे होते. त्याच रात्री जेवण झाल्यावर उरलेली तिकिटं काढायला बसलो. इटलीतला दर वाटला होता त्याहून बरा निघाला. व्हेनिस ते व्हिएन्ना ही शेवटची, साडेसात-पावणेआठ तासांची. रात्रीची गाडीही आहे, हॉटेलचा एक मुक्काम वाचला असता. पण पहाटे उतरून दुपारी खोली मिळेपर्यंत बॅगा घेऊन बसणार कोण? मुक्कामी गाडीचा अनुभव दादाला पुरेसा होता. दिवसाची घेतली, चार आसनं टेबलाभोवतीची, त्यातली दोन खिडकीची.

"एवढ्या वेळात जेवायला कुठे थांबते?" वहिनींनी विचारलं.

थांबत नाही, गाडीतच खानपानाचा डबा असतो, असं मी सांगितलं. वहिनींचा त्या डब्यावर विश्वास नव्हता. मग बरोबर न्यायच्या खाण्याची यादी निघाली आणि नव्याने वाचन सुरू झालं. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे कंदी पेढे बाद. कढीपत्ता बाद. ताज्या फळांत केळी, अननस, खजूर, नारळ यांना कागदपत्राशिवाय मुभा आहे, हे मी वाचून दाखवलं. नारळ नेऊन करायचं काय, यावर बायको आणि वहिनी बोलत राहिल्या. दादाने तोवर वेळापत्रकातला ‘शेरा’चा रकाना उघडला आणि व्हिएन्नाच्या ओळीपुढे लिहिलं : जेवण गाडीत, चटणी-दशमी, डबा वहिनींकडे.

"वहिनींकडे?" वहिनी म्हणाल्या. "मी तुमची बायको आहे."

दादाने खोडून ‘सौ.’ केलं.