सोसायटीचं पासबुक

तळहाताहून जरा मोठं, खाकी पुठ्ठ्याचं, कण्याला कापडी पट्टी. कंपनीतल्या कामगारांच्या पतसंस्थेचा शिक्का पुसट झालाय, सभासद क्रमांक मात्र अजून ठळक. आत चार रकाने: शेअर्स, वर्गणी, कर्ज, व्याज. कारकून बदलले तशी अक्षरं बदलली, शाई बदलली, पण दर महिन्याची नोंद चुकली नाही. घरात त्याला ‘सोसायटी’च म्हणत. “सोसायटी फिटली का?” “सोसायटीत किती निघतील?” कुठलाही मोठा खर्च ठरण्याआधी आई कपाटाच्या लॉकरमधून ते काढायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून शेवटचं पान बघायचे. त्यांनी मान हलवली तर पुढचं बोलणं.

स्वभावाने पासबुक कडक. पगार हातात पडायच्या आधीच आपला वाटा काढून घ्यायचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 मध्ये तशी सोय आहे: सभासदाने लिहून दिलं की कंपनीने पगारातून हप्ता कापायचा आणि संस्थेकडे भरायचा. हप्ता विसरला, उशिरा भरला, असं काही घडायचंच नाही. अण्णांच्या पगारातून आधी कटिंग व्हायचं आणि उरलेल्या पैशांत आई घर बसवायची. लहानपणी मला याचा राग यायचा. आज वाटतं, आमच्या घरातला सगळ्यात शहाणा निर्णय पगारपत्रकाच्या त्या एका ओळीत होता.

अण्णा 1972 च्या दुष्काळानंतर माण तालुक्यातून पिंपरीला आले. गावी सावकाराने काय केलं होतं ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून कर्ज या शब्दाचीच त्यांना धास्ती. त्यांच्या पिढीचे लोक आजही छाती ठोकून सांगतात, “आम्ही कधी कुणाचं कर्ज काढलं नाही.” पासबुक वेगळंच सांगतं. आत्याचं लग्न, चिखलीतला एक गुंठा, त्यावरचं पत्र्याचं घर, मग स्लॅब, आईचं ऑपरेशन, माझी इंजिनिअरिंगची फी, सगळं कर्जाच्या रकान्यात आहे. एक कर्ज अर्धं फिटलं की नवं-जुनं करायचं, म्हणजे राहिलेली बाकी वळती करून मोठं कर्ज घ्यायचं. सलग पंचवीस-सव्वीस वर्षं अण्णा कर्जातच होते. पण त्यांना ते कर्ज वाटलंच नाही, आणि मला त्यांचं हे वाटणं खोटं वाटत नाही.

याचं कारण जामीनदार. प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागत, बहुतेक आपल्याच खात्यातले. त्यांच्याबरोबर रोज एका बसने जायचं, एका कँटीनला जेवायचं. कर्ज कशासाठी हवंय ते त्यांना सांगावं लागायचं, आणि ते विचारायचेही. “मुलीला शिकवतोयस? घे, करतो सही.” “टीव्हीसाठी? मग दिवाळीचा बोनस होऊ दे.” ही चौकशी कधीकधी अंगावर यायची, पण तिने अनेक घरं वाचवली. अण्णांनीही कितीतरी जणांना जामीन दिला. एक मित्र दारूपायी कामावर येईना, तेव्हा त्याचे हप्ते अण्णांच्या पगारातून कापले गेले. अण्णा आणि दुसरे जामीनदार त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोशी बोलले आणि त्याला धरून पुन्हा कामावर आणलं. तो सुधारला, आणि पैसे त्याने पुढे दोन वर्षांत फेडले. पासबुकात त्याची एका ओळीची नोंद आहे, ‘जामीन वसुली परत’.

मग पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यावर वाईट दिवस आले. 2000-01 मध्ये टेल्कोला, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सला, पाचशे कोटींचा तोटा झाला, तेव्हा भोसरीपासून चिखलीपर्यंत तिच्यावर पोसलेल्या लहान वर्कशॉपांचा श्वास अडकला. व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, पत्रं घरोघरी येऊ लागली. 2007 मध्ये बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. अण्णांनी त्याच काळात व्हीआरएस घेतली. मिळालेल्या रकमेतून सोसायटीची बाकी आधी वजा झाली आणि पासबुकाचं शेवटचं पान शून्यावर आलं. उरलेले पैसे त्यांनी ठेवीत टाकले. 1999-2000 पर्यंत पीएफला 12 टक्के व्याज मिळत होतं. त्या पिढीची बचतीवरची श्रद्धा अशा दरांवर वाढली होती, हे आजच्या मुलांना उपदेश करताना विसरलं जातं. 2021-22 मध्ये तोच दर 8.1 टक्क्यांवर आला. आणि ठेवलेला पैसा तरी सुखरूप राहतो का? ऑक्टोबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा 2020 मध्येच एक लाखावरून पाच लाख झाली होती, म्हणून बहुतेक ठेवीदार वाचले.

माझा पुतण्या चाकणला, म्हाळुंग्यात, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीत म्हणायचं, पण तो ठेकेदाराचा माणूस. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. फोन हप्त्यावर, बाईक हप्त्यावर. अण्णांना ते खुपतं. पण बजाजची चेतक स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं ज्या काळात होती, त्याच काळाच्या शेवटी, 1987 मध्ये, दुचाकी-तिचाकींना कर्ज देण्यासाठी बजाज ऑटो फायनान्स निघाली. तीच आजची बजाज फायनान्स, आणि तिचं नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीतच, मुंबई-पुणे रस्त्यावर. हप्त्याचं जग पुतण्याने शोधलेलं नाही. ते त्याच्या आजोबांच्या बसच्या वाटेवरच उभं राहिलं.

2019 च्या मंदीत चाकणला ‘नो प्रॉडक्शन डे’ सुरू झाले, आणि ठेकेदारीतली मुलं सगळ्यांत आधी घरी बसली. सावरतायत तोच मार्च 2020 ची टाळेबंदी. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला हप्ते तीन महिने थांबवायची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. पुतण्या खूश झाला. अण्णांनी एकच विचारलं, “हप्ता थांबला, व्याज थांबलं का?” थांबलं नव्हतं. नवं-जुनं करत आयुष्य काढलेल्या माणसाला ते कागद न वाचता कळलं. व्याजावर चढलेलं व्याज सरकारने त्या वर्षाअखेरीस परत केलं, मूळ व्याज राहिलंच.

मे महिन्यात अण्णांनी जुन्या संस्थेत फोन केला, नातवाला सभासद करून घेता येईल का विचारायला. पलीकडचा माणूस ओळखीचा, बोलला प्रेमाने. पण सभासद व्हायला कायम कामगार असावं लागतं. पगारपत्रक नाही तर कापायचं कशातून? अण्णांनी फोन ठेवला आणि बराच वेळ पासबुक चाळत बसले.

पुतण्याने मग मोबाईलवरच्या एका ॲपवरून पैसे उचलले. जामीनदार नको, सही नको, पाच मिनिटांत रक्कम खात्यात. हप्ता चुकला तेव्हा वसुलीचा फोन आला तो अण्णांना. नंतर मला, मग त्याच्या जुन्या मास्तरांना. त्याच्या फोनमधले सगळे नंबर ॲपने आधीच उचलले होते. ॲपने ते घेऊ नयेत असा नियम रिझर्व्ह बँकेने केला तो सप्टेंबर 2022 मध्ये. अण्णा त्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत होते, “मी सही कुठे केली?” त्यांनी आयुष्यात डझनभर जणांना जामीन दिला होता, पण न विचारता जामीनदार कुणी केलं नव्हतं.

अण्णांनी ठेव मोडून ते पैसे भरले. रागावले, आणि मग पासबुक नातवाच्या हातात दिलं. “बघ, एक महिना तरी चुकला का?” त्याने पहिल्या पानापासून नीट पाहिलं.

“अण्णा, तुमचा पगार तरी कधी चुकला होता का?”

“संपात चुकला होता,” अण्णा म्हणाले. “पण नोकरी होती.” मग त्यांनी विचारलं, तुझ्या खोलीवरच्या पोरांपैकी किती जण ठेकेदाराकडे आहेत? सगळेच, तो म्हणाला. दहा जण जमवून महिन्याला थोडं बाजूला ठेवलं, एकमेकांना जामीन राहिलात, तर? पुतण्याने नकारार्थी मान हलवली. पुढच्या ब्रेकनंतर दहापैकी कोण चाकणमध्ये असेल आणि कोण सुप्याला, कोण साणंदला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.