ठिपक्यांच्या वाटा

माझ्या टेबलावर भीमेच्या खोऱ्याचा एक जुना नकाशा कायम पसरलेला असतो. एक इंचाला एक मैल या प्रमाणातला, मागून कापड लावलेला, घड्यांवर विरलेला. त्यात भिगवणच्या खाली भीमा एका अरुंद निळ्या पट्टीत मावते. डिकसळजवळ लोहमार्ग पुलावरून नदी ओलांडून करमाळ्याच्या अंगाला जातो. दोन्ही काठांवर लाल खुणांची गावे आहेत आणि गावागावांतून निघालेल्या ठिपक्यांच्या वाटा थेट पाण्यापर्यंत उतरल्या आहेत. आज तिथे उजनीचा जलाशय आहे. हिवाळ्यात लोक रोहित पक्षी बघायला येतात, तेव्हा त्यांच्या होड्या या वाटांवरूनच जातात.

मी भूगोल शिकवते आणि गेली पंचवीस वर्षे जुने स्थलदर्शक नकाशे घेऊन गावोगाव हिंडते. या नकाशांतली सर्वांत मोलाची खूण कोणती, असे विद्यार्थी विचारतात. किल्ला, देऊळ, जुनी बारव अशा उत्तराची ते वाट बघत असतात. माझे उत्तर ठरलेले आहे : पायवाटेची ठिपक्यांची रेषा.

आधी नकाशा कसा वाचायचा ते सांगते. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालचा. त्याच्या नकाशांचे क्रमांक एकदा उमगले की हवे ते गाव सापडते. चार अंश लांब, चार अंश रुंद अशा चौकोनांना आकडे दिलेले आहेत. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश यांमधला चौकोन ४७ क्रमांकाचा. मुंबई, पुणे, नगर, सोलापूर, कोल्हापूर सगळे याच्या पोटात. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग, ‘ए’ ते ‘पी’. आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. म्हणून पुणे शहर ‘४७ एफ १४’ वर. तपकिरी रेषा उंचीच्या. जुन्या नकाशांवर पन्नास-पन्नास फुटांवर, नंतरच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर वीस-वीस मीटरवर. निळे ते पाणी, हिरवे ते जंगल, पिवळी ती शेती.

हे मोजमाप किती कष्टाचे होते, याची एक खूण विदर्भात आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने देशाच्या मोजणीला हात घातला. ती मोजणी उत्तरेकडे नेत नेत तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटपर्यंत आला आणि तिथेच १८२३ साली वारला. त्याचे थडगे हिंगणघाटला आहे. आपल्या गावाची जागा नकाशावर नेमकी बसली, ती अशा पिढ्यांच्या श्रमांमुळे.

नकाशाच्या सूचीत वस्तीच्या गावासाठी एक खूण असते आणि ओसाड गावासाठी वेगळी. ओसाड गावाला आपल्या महसुली दप्तरात शब्द आहे ‘बेचिराख’. मूळ ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. अशा जागी गेलात तर पायाखालची माती बघा. शेताची काळी संपून राखट, भुसभुशीत पांढर लागते, त्यात खापरांचे तुकडे असतात. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटवली, भिंती लिंपल्या, त्यातून ती माती झाली. गाव उठते, पांढर राहते.

नावे मात्र सावधपणे वाचावी लागतात. दौंडचे ‘धोंड’ आणि खडकीचे ‘किर्की’ ज्या इंग्रजी कानांनी केले, त्याच कानांनी वाड्यावस्त्यांची नावेही ऐकली. म्हणून मी रोमन अक्षरांतले नाव मोठ्याने म्हणून बघते आणि मग गावात जाऊन विचारते. ‘सोंड’, ‘खिंड’, ‘मेट’, ‘माळ’ असे शब्द जिभेवर असलेल्या माणसाला ते पटकन उमगते. अक्षरे परकी असली तरी नकाशा आतून मराठी आहे.

आता ठिपक्यांकडे येते. पायवाट कुणी आखत नाही. रोजच्या गरजेने ती पडते, म्हणून ती खोटे बोलत नाही. सात-आठ वाटा एका गावात मिळाल्या की समजावे, इथे बाजार भरत होता. माळावरच्या एकट्या देवळाकडे चहूबाजूंनी वाटा येत असतील, तर तिथे जत्रा भरत होती. जुन्नरच्या पश्चिमेला ठिपके सह्याद्रीच्या कड्याला भिडतात आणि कोकणात उतरतात, तो नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांचे शिलालेख आहेत आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण. दोन हजार वर्षांचा व्यापार त्या ठिपक्यांवरून चालत गेला.

भीमेकाठचे ठिपके मला फार दिवस उलगडत नव्हते. रेषा काठाशी थांबते आणि समोरच्या काठावरून तशीच पुढे निघते. मध्ये पूल नाही. पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी १८५८ साली आली, पुढच्या वर्षी नदीपलीकडे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेली. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. जलाशयामुळे लोहमार्ग हलवावा लागला आणि डिकसळचा जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीला राहिला. आगगाडीचा इतिहास तारखांसह मिळतो. या ठिपक्यांचा कुठेच मिळेना.

एका कोरड्या मे महिन्यात मी नकाशा संगणकावर आजच्या उपग्रहचित्रावर बसवला. जुन्या नकाशांचा पृथ्वीगोल वेगळा धरलेला असल्याने आपल्या फोनवरची जागा शंभरेक मीटर सरकते. ती चूक काढली आणि उतरलेल्या पाण्याच्या कडेने चालू लागले. पळसदेवच्या बाजूला पळसनाथाचे बुडालेले मंदिर उघडे पडले होते, तिथे गर्दी होती. मी पुढे गेले. तडकलेला गाळ, त्यात एक उंबरा, एक फुटके जाते. ठिपक्यांची वाट जिथे नदीला भिडायला हवी तिथे जमीन बशीसारखी हलकेच खाली गेली होती.

संध्याकाळी काठावरच्या पुनर्वसित गावात एका आजींसमोर नकाशा पसरला. त्यांना वाचता येत नव्हते. मी काठाकाठाने गावांची नावे म्हणत गेले. एका नावाशी त्यांनी माझा हात धरला आणि बोट त्या ठिपक्यांवर ठेवले.

“बाई, ह्यो उतार. ह्या उतारावनं मी नांदाया आले. पल्याड म्हायेर. हाक मारली तर आईला ऐकू जायची. आता येष्टीनं अर्धा दिस मोडतोय.”

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. त्या क्षणी नकाशा मला कळला. त्या ठिपक्यांनी सोयरीक जोडली होती. धरणाच्या कागदांत घर, जमीन, विहीर, झाड यांना रकाने असतात, त्यांचा मोबदला ठरतो. उतारासाठी रकाना नसतो. गावे दोन्ही काठांवर वर सरकून पुन्हा वसली, पण त्यांच्यामधली वाट कुठेच वसवता आली नाही. ती आता फक्त दोन ठिकाणी आहे : कागदावर आणि आजींच्या आठवणीत.

कागद टिकेल. जुन्या नकाशांच्या प्रती ग्रंथालयांत आहेत. अमेरिकी लष्कराने १९५०च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. १:२,५०,००० प्रमाणाचे असल्याने त्यांत बारकावे कमी, पण उजनी भरण्याआधीची भीमा त्यांत दिसते. सर्वेक्षण विभागाचे आजचे नकाशेही आता सहज मिळतात. आठवण मात्र माणसाबरोबर जाते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. या दिवाळीत घर भरलेले असेल, तेव्हा आपल्या गावाचा नकाशा थोरामोठ्यांपुढे पसरा आणि एकेक वाट विचारा. कुठून कुठे, कशासाठी, कोण जायचे. सांगतील तसे त्याच कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

माझ्या नकाशावर त्या उताराशी आता बारीक अक्षरांत एक ओळ आहे. ती आजींनी सांगितली, मी फक्त लिहिली : ‘भाऊबीजेपर्यंत पाणी उतरायचे. भाऊ इथून न्यायला यायचा.’